के-१ व्हिसाचं सीलबंद पाकीट घरी उघडलं गेलंय, आता प्रवास करायचा की नाही?

सोनचाफा:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय त्यामुळे विस्कळीत वाटेल, सांभाळून घ्या. माझा के-१ म्हणजे फियान्से व्हिसा मंजूर झालाय, मुंबईत इंटरव्ह्यू झाला, पासपोर्ट परत आला आणि त्याच्यासोबत ते जाडजूड पाकीट आलं ज्यावर माझं नाव, केस नंबर असलेला कागद आहे आणि मोठ्या अक्षरात 'डू नॉट ओपन' लिहिलंय. मी ऑफिसला होते, बाबांनी पार्सल घेतलं. आता आमचे बाबा म्हणजे आयुष्यभर सरकारी नोकरी, कागद दिसला की झेरॉक्स आणि फाईल, त्यांनी पेपर कटरने एका बाजूने पाकीट व्यवस्थित कापलं, सगळे कागद बाहेर काढले, दोन सेट झेरॉक्स काढून आणले आणि ओरिजिनलना पंच मारून हिरवी टॅग लावून ठेवली. मी घरी आले तेव्हा फाईल तयार होती, वर लेबल सुद्धा. त्यांचं म्हणणं की पासपोर्टवर व्हिसा तर छापलाय ना, मग हे आपलेच कागद, आपण दिलेलेच, त्यात काय लपवायचं.

आता होणारा नवरा तिकडून म्हणतोय की गोंद लावून चिकटव, कोण बघतंय. त्याच्या मित्राची बायको म्हणते विमानातच बसू देणार नाहीत. माझा मामा म्हणतो व्हिसा बाद झाला, परत सगळं पहिल्यापासून. मी रात्रभर झोपले नाहीये. तिकीट पुढच्या महिन्याचं आहे, व्हिसाची मुदत त्यापुढेही थोडी आहे. कुणाला असा अनुभव आहे का? आणि पंच मारलेल्या कागदांचं काय करू? कृपया बाबांना शिव्या घालू नका, ते आधीच दोन दिवस नीट जेवले नाहीयेत.

निवांत:
अगं काही होत नाही, उगीच घाबरू नकोस. माझ्या सासूसासऱ्यांना तर असलं काही पाकीट मिळालंच नव्हतं, नुसता पासपोर्ट घेऊन गेले, पाच मिनिटात शिक्का मारून बाहेर. सगळं कॉम्प्युटरवर असतं आता. तू सरळ फेविकॉल लाव, वरून पारदर्शक टेप मार आणि जा. रोज हजारो लोक उतरतात तिथे, एवढं निरखून बघायला कुणाला वेळ आहे.

मुक्काम_न्यूजर्सी:
निवांतराव, तुमचा हेतू चांगला आहे पण हा सल्ला कृपया कुणी पाळू नका. फेविकॉल आणि टेप अजिबात नाही. उघडलेलं पाकीट ही एक अडचण आहे, पण उघडून परत चिकटवलेलं पाकीट म्हणजे लपवाछपवी दिसते, आणि पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरी कितीतरी वाईट. त्या ऑफिसरला रोज अशी पाकिटं हाताळायची सवय असते, कॉन्सुलेटचं सील आणि घरचा गोंद त्याला एका नजरेत कळतो. मग तो विचारणार, हे कोणी उघडलं, आणि तुम्ही घाबरून म्हणालात की असंच मिळालं, तर संपलं. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात एखादी महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून फायदा मिळवायला बघणं यासाठी आयुष्यभराची बंदी आहे, त्यातून सुटायला वेगळा वेव्हर म्हणजे सूट मागावी लागते आणि ती मिळेलच असं नाही. पाकीट उघडलं म्हणून मात्र कायमची बंदी येत नाही. हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

आता तिथे काय होतं ते सांगतो, म्हणजे कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही ते कळेल. विमानतळावर उतरलं की आधी साध्या रांगेत ऑफिसर पासपोर्ट बघतो, के-१ दिसलं की पाकीट मागतो, आणि बहुतेक वेळा तुम्हाला आतल्या खोलीत पाठवतात ज्याला सेकंडरी म्हणतात. नाव ऐकून लोकांचा धीर सुटतो पण पाकीट असलेल्या व्हिसाला ते नेहमीचंच आहे, शिक्षा नाही. तिथे पाकीट ऑफिसर स्वतः फोडतो, कागद चाळतो, होणाऱ्या नवऱ्याचं नाव, कुठे राहणार, लग्न कधी वगैरे विचारतो, आणि के-१ वर प्रवेश देतो. तिथून ९० दिवसांत लग्न करायचं, ही मुदत वाढवून मिळत नाही. ते कागद परत देत नाहीत, ते तुमच्या सरकारी फाईलला जातात. म्हणजे तो ऑफिसर त्या साखळीतला पुढचा माणूस आहे, कॉन्सुलेटने त्याच्याकडे पाठवलेलं टपाल तुम्ही फक्त वाहून नेताय.

फोडलेलं असेल तर त्याच्यासमोर पर्याय बरेच आहेत. कॉम्प्युटरवर कॉन्सुलेटने भरलेली माहिती दिसते तिच्याशी ताडून पाहील, वाटल्यास कॉन्सुलेटशी संपर्क करेल, तासन्तास बसवून ठेवेल, तात्पुरतं सोडून नंतर कागद घेऊन ऑफिसात बोलावेल, किंवा अगदी टोकाला प्रवेश नाकारेल. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी, आत घ्यायचं की नाही हे त्या ऑफिसरच्या हातात असतं. बहुतेक वेळा सोडतील असं मला वाटतं, पण 'बहुतेक' या शब्दावर मी माझ्या बहिणीला विमानात बसवणार नाही. हातात एवढा वेळ आहे तर कॉन्सुलेटला विचारूनच निघा.

एअरलाईनचं म्हणाल तर काउंटरवरचा माणूस पासपोर्ट आणि व्हिसा बघतो. पाकिटाचं सील तपासणं त्याच्या कामात येत नाही. त्यामुळे विमानात बसू देणार नाहीत ही भीती काढून टाका, खरा प्रश्न उतरल्यावरचा आहे.

पर्णकुटी:
माझा अनुभव थोडा वेगळ्या गोष्टीचा पण सांगते. माझ्या युनिव्हर्सिटीच्या सीलबंद ट्रान्स्क्रिप्टचं पाकीट भावाने उघडलं होतं, ते मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने सरळ नाकारलं, परत युनिव्हर्सिटीत खेटे घालून नवीन काढावं लागलं. त्यामुळे उघडलेलं चालत नाही म्हणजे नाहीच. मला वाटतं तुलाही सगळं परत करावं लागेल, मनाची तयारी ठेव.

कागदवाला:
पर्णकुटीताई, दोन्ही गोष्टींची गल्लत होतेय आणि बिचारीला अजून घाबरवताय. ट्रान्स्क्रिप्टला सील हाच पुरावा असतो, समोरच्याकडे दुसरं काही नसतं. तसंच एक आय-६९३ नावाचा मेडिकल फॉर्म आहे, अमेरिकेत राहून ग्रीन कार्डसाठी अर्ज करताना तिथला सिव्हिल सर्जन म्हणजे त्या कामासाठी नेमलेला डॉक्टर तो सीलबंद देतो, तो उघडला तर यूएससीआयएस म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं स्वीकारत नाही, परत डॉक्टरकडे जावं लागतं. व्हिसाचं पाकीट वेगळं. व्हिसा पासपोर्टवर छापलेला आहे, तो कॉन्सुलेटच्या सिस्टीममध्ये आहे, पाकीट फुटल्याने तो आपोआप रद्द होत नाही. मामांना सांगा, पिटिशन म्हणजे होणाऱ्या नवऱ्याने तिकडून तुझ्यासाठी भरलेला आय-१२९एफ अर्ज परत करायचा नाही, ते ६७५ डॉलर आणि व्हिसाचे २६५ डॉलर परत भरायचे नाहीत.

मी अशा फॉर्मभरणीची कामं बरीच वर्षं करतोय, वकील नाही, हे आधीच सांगतो.

निवांत यांच्या सासूसासऱ्यांना पाकीट का नव्हतं तेही सांगतो, कारण यावरून दर वेळी गोंधळ होतो. आईवडील, नवराबायको, भावंडं असे जे इमिग्रंट व्हिसा आहेत त्यांची कागदपत्रं आता बहुतेक ऑनलाईन अपलोड होतात, कॉन्सुलेट ती इलेक्ट्रॉनिक पाठवतं, आणि मग व्हिसाच्या स्टिकरवर 'आयव्ही डॉक्स इन सीसीडी' अशी ओळ छापलेली असते. त्याचा अर्थ कागद डेटाबेसमध्ये आहेत, प्रवाशाने काही न्यायचं नाही. अशा माणसाच्या हातात एखादं पाकीट असेलच तर ते परत केलेल्या ओरिजिनल दाखल्यांचं किंवा एक्सरेच्या सीडीचं असतं, ते उघडलं तरी बिघडत नाही. के-१ मात्र कागदावर सुरू होणारी केस, पिटिशनच कागदी, त्यामुळे पाकीट हातात मिळतं. म्हणून सोनचाफा, सगळ्यात आधी व्हिसाचं पान नीट वाच. ती ओळ आहे का? दुसरं, फोडलेल्या पाकिटावर तुझा केस नंबर आहे का, मुंबईचा असेल तर बीएमबी ने सुरू होतो. नेमकं काय फोडलंय हे आधी ठरलं पाहिजे, मग पुढचं.

आत काय असतं तेही सांगून टाकतो म्हणजे बाबांनाही कळेल. मंजूर झालेली पिटिशन, तुझे जन्माचे दाखले, पोलीस क्लिअरन्स, होणाऱ्या नवऱ्याचा आय-१३४ म्हणजे तुझा खर्च करेन अशी हमी आणि त्याची उत्पन्नाची कागदं, आणि मेडिकल. मेडिकलचे डीएस-२०५४, लसींचा डीएस-३०२५ वगैरे फॉर्म. यातले बरेच तुमचेच कागद हे बाबांचं म्हणणं चूक नाही, पण मेडिकल रिपोर्ट हा डॉक्टरने सरकारला दिलेला असतो, आणि सीलचा उपयोग एवढाच की कॉन्सुलेट सांगतंय, आम्ही हे तपासून बंद केलं तेव्हा जे होतं तेच आत आहे. एखादा टीबीचा शेरा असलेला कागद मधल्या मधे काढला तर? एखाद्या जुन्या गुन्ह्याची नोंद असलेलं पान? सील त्यासाठी आहे. तुमच्या बाबांसारख्या माणसासाठी तो नियम केलेला नाही, पण लागू सगळ्यांना होतो.

सोनचाफा:
सगळ्यांचे खूप आभार, बाबांना वाचून दाखवलं, 'तुमच्या बाबांसारख्या माणसासाठी' यावर जरा हसले.

व्हिसाचं पान भिंग घेऊन वाचलं. ती ओळ नाहीये. पाकिटावरच्या कागदावर माझं नाव, फोटो आणि बीएमबी वाला नंबर आहे. म्हणजे खरंखुरं तेच पाकीट आहे, दुर्दैवाने. कागद मोजले तर झेरॉक्सच्या सेटमध्ये आणि ओरिजिनलमध्ये सारखेच भरतात म्हणजे गहाळ काही नाही असं वाटतंय, पण क्रम बदलला असावा कारण झेरॉक्सवाल्याने क्लिपा काढून परत स्टेपल केलेत, काही ठिकाणी दोन दोन पिना आहेत. पंच पहिल्या काही पानांनाच आहेत, बाबांचा पंच तेवढीच पानं घेतो, नंतर आई ओरडली.

प्रश्न असे की ईमेलमध्ये नेमकं काय लिहू, बाबांनी उघडलं लिहू की चुकून फाटलं लिहू? होणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं 'डॅमेज इन ट्रान्झिट' लिही, म्हणजे कुरिअरवर जाईल. टॅग काढू का? झेरॉक्स जाळू का? आणि हे सगळं करत बसण्यापेक्षा तसंच घेऊन गेले आणि खरं सांगितलं तर?

मुक्काम_न्यूजर्सी:
'डॅमेज इन ट्रान्झिट' नाही! कटरने सरळ रेषेत कापलेलं आणि आत हिरवी टॅग, हे कुठल्या कुरिअरचं काम आहे सांगा बरं. होणाऱ्या जावयांना सांगा की शांत बसा, त्यांची पिटिशन आहे, उद्या त्यांनाही फोन लावून विचारू शकतात.

आणि जाता जाता, विषय निघालाच आहे तर एक विचारतो, रागावू नकोस. साखरपुडा ठीक आहे, पण निघायच्या आधी घरच्या घरी छोटंसं लग्न उरकून घेऊ असं कुणी सुचवत असेल तर कानावर हात ठेव. के-१ हा लग्न न झालेल्या माणसाचा व्हिसा. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदी झाली की लग्न झालं, रजिस्टर केलं नाही तरी. मग तो व्हिसा चालत नाही. सेकंडरीत हा प्रश्न हमखास येतो, फोनमधले फोटो बघितल्याचेही ऐकिवात आहे. आमच्या ओळखीत एका मावशीने हौसेने मुंडावळ्या बांधून फोटो काढले होते, नुसती हौस, पण ती हौस समजावताना मुलीच्या नाकी नऊ आले.

आज्जीची_नात:
माझ्या वहिनीचा किस्सा सांगते, अगदी हेच नाही पण जवळचं. ती के-१ वरच गेली. पाकीट केबिन बॅगेत होतं, वरच्या कप्प्यातून काढताना झिपमध्ये अडकून कोपरा फाटला, आतले कागद दिसत होते, बाहेर काढलेले नव्हते. ती बाई अशी की उतरेपर्यंत रडत होती. रांगेत नंबर आला तसं तिनेच आधी सांगितलं की हे असं झालंय. आत बसवलं, बराच वेळ कुणी काही बोललंच नाही, आधी आलेले नंतर आलेले सगळे जाऊन हिचाच नंबर नाही. मग एकाने विचारलं, तू काही काढलंस का, काही घातलंस का. नाही म्हणाली. त्याने स्क्रीनवर बघत बघत एकेक कागद उलटला, मेडिकलच्या कागदावर जास्त वेळ घालवला, कुणाला तरी फोन केला, आणि सोडलं. पुढचं डोमेस्टिक विमान अर्थात गेलं. भाऊ तिकडे दुसऱ्याच एअरपोर्टवर फुलं घेऊन उभा.

पण तिचं फाटलं होतं. तुझं कापून, काढून, पंच मारून झालंय. मी असते तर तसंच नेलं नसतं.

कागदवाला:
आज्जीची नात यांनी बरोबर बोट ठेवलंय. फाटणं आणि कागद बाहेर काढून हाताळणं यात फरक आहे, आणि इथे भोकं पडल्यामुळे हाताळणी दिसतेच आहे. त्यामुळे कॉन्सुलेटकडेच जायचं, दुसरा विचार नको. अशा वेळी ते पासपोर्ट आणि पाकीट परत मागवतात, त्यांच्याकडच्या नोंदीशी बघतात आणि नवीन सील करून देतात. वेळ लागतो, तो किती हे त्यांच्यावर आहे, म्हणून आजच लिही.

टॅग काढ, कारण त्याने कागद फाटत जातील, बाकी कशालाच हात लावू नको. पिना उपटू नको, क्रम लावायला जाऊ नको, तुला योग्य क्रम माहीतच नाही. भोकांवर ते गोल स्टिकर लावायचा मोह होईल बाबांना, नाही म्हणजे नाही. सगळं आहे तसं त्याच फोडलेल्या पाकिटात घाल आणि ते पाकीट एका मोठ्या पारदर्शक फोल्डरमध्ये ठेव. पाकिटाचा फोटो काढून ठेव, कापलेली बाजू दिसेल असा.

ईमेल कॉन्सुलेटच्या वेबसाईटवर इमिग्रंट व्हिसा विभागासाठी जो संपर्क दिलाय तिथेच करायचा, कुठल्या एजंटच्या मार्फत नाही. विषयाच्या ओळीत केस नंबर, नाव, आणि सीलबंद पाकीट उघडलं गेल्याबद्दल एवढंच. आत चार पाच वाक्यं पुरे. अमुक तारखेला पासपोर्ट मिळाला, घरातल्या वडिलधाऱ्यांना सूचना लक्षात न आल्याने पाकीट उघडलं गेलं, झेरॉक्ससाठी कागद बाहेर काढले, काही पानांना पंचची भोकं आहेत, काहीही काढलेलं किंवा घातलेलं नाही, प्रवास अमुक तारखेला, पाकीट परत कसं आणि कुठे जमा करू ते कळवा. फोटो जोड. बास. बाबा किती साधे आहेत, सरकारी नोकरीत किती वर्षं होते, आई किती रडतेय, यातलं एकही वाक्य नको. आपल्याकडे अर्ज म्हटला की विनंतीचा पूर वाहतो, तिकडच्या वाचणाऱ्याला फक्त काय झालं आणि काय हवंय एवढंच कळायला हवं असतं.

झेरॉक्स जाळायची काय गरज? स्वतःच्या कागदांच्या प्रती ठेवणं गुन्हा नाही. उलट त्यातला डीएस-३०२५, लसींचा तक्ता, तुला पुढे लागणार आहे. लग्न झाल्यावर तू ग्रीन कार्डसाठी आय-४८५ भरशील, त्यात लसींचा हिशोब द्यावा लागतो, आणि के-१ वाल्यांचा तो कागद नेमका याच पाकिटात बंद होऊन सरकारजमा होतो. जाणत्या लोकांनी तो मेडिकलच्या दिवशीच डॉक्टरकडून मागून घेतलेला असतो. तू घेतला नसशील तर मेडिकल केलं तिथे विचार, त्यांनी दिलेली प्रत झेरॉक्सवाल्याच्या प्रतीपेक्षा केव्हाही बरी.

घाटमाथा:
तिकीट कुठून आहे? अबूधाबीवरून असेल तर एक लक्षात ठेव. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं प्रीक्लिअरन्स आहे, म्हणजे अमेरिकन ऑफिसर अबूधाबीच्या एअरपोर्टवरच बसतात आणि इमिग्रेशन तिथेच होतं, अमेरिकेत उतरल्यावर तू डोमेस्टिक प्रवाशासारखी बाहेर. एरवी सोय आहे, पण कागदाचा काही प्रश्न निघाला तर तू अमेरिकेत नाहीस, अबूधाबीत आहेस, आणि विमान तुझ्यासाठी थांबत नाही. माझ्या माहितीत कागदाचा घोळ असताना लोक मुद्दाम तो रूट टाळतात. सील नवीन होऊन आलं तर काही फरक नाही. आणि कुठूनही जा, पहिल्या अमेरिकन एअरपोर्टवर पुढच्या विमानाला चांगले चार तास ठेव, के-१ ला सील धड असलं तरी आत बसवतातच.

निवांत:
मी माझा फेविकॉलचा सल्ला मागे घेतो 😀 मला वाटलं होतं सगळीकडे सारखंच असतं.

पर्णकुटी:
मी पण. पण एक विचारू का, नियमात बसतं की नाही माहीत नाही, हे पाकीट प्रवाशाच्या हातात देतातच कशाला मग? सरळ त्यांच्याच ऑफिसला पाठवायचं ना.

कागदवाला:
तेच तर हळूहळू करतायत, इलेक्ट्रॉनिक केसेस म्हणजे तेच. के-१ चा नंबर मागे राहिलाय एवढंच. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ज्या देशात माणसं घरी आलेलं प्रत्येक टपाल उघडून त्यावर 'मिळाले' लिहून फाईलला लावतात तिथे असं पाकीट घरी पाठवणं धाडसाचंच आहे, सूचना मोठ्या अक्षरात असली तरी ती इंग्रजीत आणि पाकीट उघडणाऱ्याचा चष्मा टेबलावर.

सोनचाफा:
अपडेट देते. कागदवाला यांनी सांगितलं तसंच मेल केलं, तीन वेळा लिहून बाबांच्या विनंत्या कापल्या. उत्तर आलं, आधी वाटलं ऑटोमॅटिक आहे पण नाही, पासपोर्ट आणि पाकीट दोन्ही जमा करा म्हणाले, कसं करायचं त्याच्या सूचना दिल्या होत्या. ओरडले वगैरे काही नाही, एका ओळीत फक्त विचारलं होतं की कुठला कागद गहाळ आहे का. जमा केलं. मधले दिवस कसे गेले ते मलाच माहीत, पासपोर्ट हातात नाही आणि तिकीट जवळ येतंय. काल परत आलं. नवीन पाकीट, नवीन सील. यावेळी पार्सल मीच घेतलं. तिकीट मी आधीच आठवडाभर पुढे ढकललं होतं, बदलाचे पैसे गेले ते गेले, आणि रूट पण अबूधाबीचा होता तो बदलून घेतला, घाटमाथा तुमचे आभार.

मामांना अजून पटलेलं नाही. ते म्हणतात आतून काहीतरी शेरा मारला असेल.

आता शेवटचे दोन प्रश्न, मग त्रास देत नाही. एक्सरेची सीडी वेगळी दिलीये, ती चेक-इन बॅगेत चालेल का? आणि २३५ डॉलरची इमिग्रंट फी निघायच्या आधी भरायची असते असं कुणीतरी सांगितलं, ती कुठे भरू?

मुक्काम_न्यूजर्सी:
वा! अभिनंदन. मामांना म्हणावं शेरा असता तर पाकीट नाही, फोन आला असता.

सीडी हातातल्या बॅगेत, पाकीट, पासपोर्ट सगळं एकत्र. चेक-इन बॅग तुला इमिग्रेशन झाल्यावर मिळते, आधी नाही, त्यामुळे ऑफिसरने मागितलं आणि सीडी पट्ट्यावर फिरतेय असं व्हायला नको. मागतीलच असं नाही, पण जवळ हवी.

२३५ डॉलर तुला लागू नाहीत. ती फी इमिग्रंट व्हिसावाल्यांची, ज्यांचं ग्रीन कार्ड पोचल्यावर घरी येतं, १ एप्रिल २०२४ पासून ती २२० ची २३५ झाली. के-१ वाल्याला ग्रीन कार्ड आपोआप येत नाही, तुला लग्नानंतर आय-४८५ भरायचाय, त्याची फी वेगळी, १४४० डॉलर, त्याची तयारी दोघांनी आत्तापासून ठेवा. भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या साईटवर आकडा परत बघून घ्या, बदलत असतो. पोचल्यावर आय-९४ म्हणजे तुझ्या प्रवेशाची नोंद ऑनलाईन काढ आणि त्यावर के-१ आणि तारीख बरोबर आहे का ते त्याच दिवशी बघ, लोक महिनाभराने बघतात आणि मग धावपळ. सोशल सिक्युरिटी नंबरसाठी चार दिवस थांबून जा, नोंद सिस्टीममध्ये यायला वेळ लागतो, पण ९० दिवस संपत आल्यावर जाऊ नकोस, मुदत दोन आठवड्यांपेक्षा कमी उरली की ते देत नाहीत.

आज्जीची_नात:
आणि पहिल्या एअरपोर्टवर आत बसवलं की फोन वापरू देत नाहीत बऱ्याच ठिकाणी, तेव्हा त्याला आधीच सांगून ठेव की उशीर झाला तरी घाबरू नकोस, आणि थेट तुझ्या शेवटच्या एअरपोर्टवरच थांब.